दुपारी एक ते दोन

मंडळी, ह्या शोकसभेला सगळे आलात, बरं वाटलं. मी नातेपुत्याची वैशाली. सिद्धारामदादांच्या टीममधी मी मोबाइल ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. एरवी माझं तोंड बंद होत न्हाय.

आजबी बोलणार हाय. दादांच्या छातीत कळ आली आन् बघता बघता माणूस गेला. त्या दिवशी काका, म्हंजे दादांचे वडील, माझा हात धरून रडले. म्हणले, "माझा पाय अधू झाला म्हणून पोरगं पुण्याचं हापिस सोडून हितं सात रस्ता चौकातल्या घरी येऊन बसलं. माझ्यापायी मागं पडलं गं."

काका, मागं? कोण म्हणलं?

घरून काम सुरू झालं तवा आमची काय दैना होती, सांगते. मी हितं स्क्रीन बदलायची, तिकडं प्रोग्रामर पोरं जुनाच बनवत बसायची. मग भांडणं. दिवसभर नुसते फोन. घास तोंडात आन् फोन कानाला. मी तर राजीनामा द्यायला निघाले. दादा म्हणले, "उद्या दे की राजीनामा. आज आधी जेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन नियम लावले. जे ठरंल ते एका जागी लिहायचं, सगळ्यांना दिसंल असं. आन् दुपारी एक ते दोन कुणी कुणाला फोन करायचा न्हाय. साहेब लोकांनी लई कुरकुर केली. दादा हटले न्हाईत. अक्कलकोटचा आमचा प्रोग्रामर मल्लिनाथ अजून म्हणतो, हापिसात एवढं धड काम कधी झालं न्हाय.

मी एकदा विचारलं, "दादा, ह्यो एक ते दोनचा हट्ट कशाला वो?"

"तवा बाबा आन् मी जेवतो. मी त्यांची भाकरी कुस्करतो, ते मला शिव्या घालतात. लई मजा येती."

ऐकलंत का काका? प्रमोशन देतो, पुण्याला या, असं बोलावणं आलं हुतं. तुमाला सांगितलं न्हाय त्यांनी. मला म्हणले, "नको गं. हे जेवण तितं कुठलं?" नाइलाजानं न्हाय, काका, आवडीनं राहिले ते. हा भार मनावरनं काढून टाका. काढाच.

दादा, तुमाला नमस्कार.

मंडळी, दोन मिनिटं शांत उभं राहू या.

काका, तुमी बसूनच ऱ्हावा. तुमच्या वाट्याचं आमी उभं राहतो.