पंख्याने मिळवून दिलेलं बक्षीस

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात बसल्या होत्या.

“आजी, टीव्हीवरच्या कार्यक्रमांची बक्षिसं मुलांनीच ठरवायची, हे तुला सुचलं कसं?”

“आधी आम्ही टीव्हीवर कार्यक्रम करणारी मोठी माणसंच ठरवायचो. समारंभात मुलं ढाराढूर झोपायची. एकदा वैतागून म्हटलं, घ्या, तुम्हीच मतं द्या.”

“मग तुझा कार्यक्रम जिंकला?”

“कसला जिंकतोय! हवामान सांगणारा जिंकला. बातम्या चालू असताना पंख्याने त्याचा केसांचा टोप उडाला होता.”

“चिडलीस?”

“भयंकर! त्यात बक्षीसही माझ्याच हातून. मेल्याने टोप काढून मला वाकून नमस्कार केला.”

“मग?”

“मग काय, लग्न केलं.”

“म्हणजे आपले आजोबा? त्यांचे केस खोटे आहेत?”

“हळू बोल गं! आत त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना वाटतंय, आजोबांचे फक्त दातच खोटे आहेत.”