अढीतले घड

(घाना देशातल्या ट्विफोजवळच्या गावातलं पामतेल काढायचं आवार. एकुआआजी चुलीसमोर, नात अराबा उलट्या टोपलीवर लॅपटॉप मांडून बसलेली.)

अराबा : आणि हा आपला घाणा, आजी. पामफळांचे घड या ट्रकमधून येतात, तेल त्या ट्रकनं जातं.

आजी : एवढासा? माझी कोंबडी मावायची नाही त्यात.

अराबा : खेळ आहे गं. लोक यात रस्ते बांधतात, माल इकडून तिकडे पोचवतात. कुठल्या कारखान्यात काय जातं नि काय बाहेर येतं, ते मी ठरवते.

आजी : तू ठरवतेस. आणि घड कापायला कोयता धरायचा कसा, ते कोण ठरवतं?

अराबा : म्हणूनच आलेय ना. खेळून बघायला ज्यांना ज्यांना दिला, त्या सगळ्यांचा घाणा बंद पडतोय. आज संध्याकाळपर्यंत सुधारला नाही, तर क्वामेना पामतेल काढून टाकणार. त्या जागी नुसता ‘अन्नाचा कारखाना’.

आजी : कसलं अन्न?

अराबा : असंच. अन्न.

आजी : जेवायला आला की तेच वाढते त्याला. हा क्वामेना कोण?

अराबा : आमच्या कामाचा मुख्य. अक्राहून फोनवर ऐकतोय मघापासून.

क्वामेना : नमस्कार, आजी.

आजी : मघापासून ऐकतोस नि नमस्कार आत्ता सुचला होय? बोल, कुठं दुखतंय?

क्वामेना : आजी, आमच्यात माल जितक्या लवकर पोचेल तितके गुण जास्त. पण ट्रक भरेपर्यंत घड रस्त्याकडेला पडून राहतात. रोज किंमत उतरते, चौथ्या दिवशी शून्य. मग घाण्याला माल नाही.

आजी : चौथ्या दिवशी किती म्हणालास?

क्वामेना : शून्य.

आजी : अराबा, तो घड आज सकाळी उतरवलाय. एक फळ सोडवून दाखव.

अराबा : हं... आई गं. काटा घुसला.

आजी : आता त्या पानांखाली झाकलाय तो. रविवारचा.

अराबा : अगं, हा नुसता हलवला तरी गळतोय.

आजी : आज गुरुवार. चार दिवस अढी लागते, तेव्हा कुठं घड फळ सोडतो. जास्त ठेवलास तर तेल बिघडतं. आणि तुम्ही शहाण्यांनी पळणाऱ्याला बक्षीस लावलंय.

क्वामेना : म्हणजे घड पडून राहणं ही चूक नाही?

आजी : तो पडून राहत नाही बाबा, मुरतो. पडून राहणारी माणसं वेगळी, ती माझ्या घरात दोन आहेत.

अराबा : क्वामेना, चौथ्या दिवसापर्यंत किंमत चढू दे, मग उतरू दे. खेळणाऱ्यानं दिवस साधायचा.

क्वामेना : असा माल आपल्याकडे दुसरा एकही नाही. थांब, बसवून बघतो.

आजी : हे चार दिवसांचं कुणी शिकवलं, असं कुणी विचारू नका. मला डोळे आहेत.

अराबा : कुणी विचारलंच नाही, आजी.

आजी : बरं केलंत. आणि फळ काढून झाल्यावर रिकामा घड जातो कुठं तुमच्यात?

अराबा : कुठं नाही. नाहीसा होतो.

आजी : नाहीसा? त्याच्या राखेच्या साबणानं तुझा बाप घासून काढलाय मी. तोही नाहीसा करतेस का?

क्वामेना : राख... साबण... अराबा, लिहून घे. दोन कारखाने वाढले.

अराबा : घेतलं. आता चालू करते. पहिला दिवस. दुसरा. ढीग वाढतोय. तिसरा.

आजी : ट्रकला हात लावू नकोस.

अराबा : नाही लावत. चौथा. निघाला. पोचला. घाणा चालतोय, आजी.

क्वामेना : इथंही चालतोय. पामतेल खेळात राहिलं. आजी, घाण्यावर तुमचं नाव टाकतो. ‘एकुआ तेलघाणा’.

आजी : मान्सा टाक.

अराबा : मान्सा? पणजीचं नाव? तिच्याशी तर जन्मभर भांडलीस तू.

आजी : भांडले तर. मी दोन दिवस म्हणायचे, ती चार.

अराबा : मग?

आजी : मग काय. टाक नाव, आणि चुलीकडे बघ, विझतेय.