डाव्या हाताची थाप

अप्पा, म्हणजे माझे वडील, आता ठणठणीत आहेत, म्हणून हे चहा पिता पिता सांगतोय.

एका बिस्किटवाल्याच्या जाहिरातीचं संगीत करत होतो. मी सगळा ठेका कॉम्प्युटरवर बसवला, एकेक ठोका स्क्रीनवरच्या मात्रेच्या बरोबर रेघेवर. तो म्हणाला, "मियाँ, सब अच्छा है, मगर गर्दन नै हिलरी."

म्हणजे स्विंग हवा होता, ठोके जरा मागंपुढं पडले की येतो तो डोल. मग मी अप्पांना ढोलकी घेऊन बसवलं. आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्याच्या भजनांत जन्म गेलाय त्यांचा. ते वाजवणार, कॉम्प्युटर त्यांचं मागंपुढं होणं उचलणार आणि माझ्या ठेक्याला लावणार. काय डुलायला लागला ठेका! लगेच पाठवून दिला.

मग सहज स्क्रीनकडे नीट पाहिलं. उजवा हात जागेवर होता, पण डाव्या हाताची घुमणारी थाप दर वेळी रेघेच्या मागे. अप्पांचं दिवाळीतलं रेकॉर्डिंग काढून खाली लावलं. त्यात दोन्ही हात चोख. अर्धांगाचा झटका तर नाही?

"अप्पा, दोन्ही हात वर करा बघू."

"कशाला रे? चुकलो का कुठे?"

उजवा वर गेला. डावा अर्ध्यावरच राहिला.

दवाखान्यात निघालो. ऑटोत त्यांचा डावा हात मी घट्ट धरलेला, तारनाक्याचा सिग्नल सुटेना, आणि बिस्किटवाल्याचा फोन.

"हौ मियाँ, अब्ब हिलरी गर्दन! वो भारी थाप पीछे से आरी ना, वोइच मजा है. थोड़ा और पीछे कर सकते क्या?"

मी ओरडलोच, "नक्को भाई! इससे पीछे नक्को!"