काकूंची देवळाची वेळ

स्मिताच्या सासऱ्यांचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. स्मिता माझी मामेबहीण, राहते दिव्याला. मी परदेशातून मिडवायफरी, म्हणजे सुईणीचं शास्त्र, शिकून आले, तर पहिली शिष्या तीच. पहिलंच बाळंतपण, आणि टाक्यांना भयंकर घाबरायची. नववा महिना लागला तेव्हा तिच्या डॉक्टरांना विचारून मी तिला योनीखालच्या भागाला तेलाने हलका मसाज करायला शिकवलं. बाळ बाहेर येताना तिथे फाटण्याची शक्यता त्याने कमी होते.

"ताई, सगळं पटलं," ती म्हणाली. "पण करू कुठे? वन रूम किचन, आणि सासरे संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की हलत नाहीत."

मी सरळ तिच्या सासूबाईंना गाठलं. आकृत्या काढून भाषणच सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"पुरे गं. मला दोन्ही खेपेला टाके पडलेत. किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं, काकू."

"बरं."

त्या दिवसापासून काकू रोज संध्याकाळी काकांना टीव्हीसमोरून उठवून देवळात न्यायला लागल्या. काका कुरकुरायचे, पण जायचे.

मुलगी झाली. टाका एकच, तोही छोटासा. स्मिताला हसताना बघून माझा जीव भांड्यात पडला. बाहेर काका पेढे वाटत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या काकूचं काही कळत नाही बघ. महिनाभर रोज देवळात ओढत होती. आज नात झाली, म्हटलं चल, देवाला पेढा ठेवून येऊ. तर म्हणते, आता तिथे काय काम आहे?"