गीताचं पोलकं

—न्हाई गं, कमलच ना तू? कन्याशाळेतली? मी मघाधरून बघायलेय, औषधाच्या खिडकीपाशी मान वाकडी करून उभी हुतीस. फळ्यापुढं बी तशीच उभी राहायचीस. म्हणलं हाक मारावं का नको. मी सुला. सातवीला पैला नंबर आलता ना, ती. बदलले ना लय? तू बी बदललीस, पण तुझं बदलणं ब्येस झालं, चेहरा कसा भरल्यावानी दिसायलाय. बस की, लिंबाखाली सावली हाय. भाऊ दाखल हाय म्हणतीस? हाडच मोडलंय ना, बसंल ते, फिकीर करू नको. मी— मी डोळे दाखवायला आले. शिवणकाम करून करून डोळ्यापुढं अंधारी यायलीय. म्हणून ह्यांनी आणलं. ते आत गेलेत डॉक्टरकडं.

काय? डोळे माझे अन् आत ते कामून गेले? अगं बाई. गणितात बी असंच पकडायचीस तू मला.

तुझंच सांग आधी. नांदेडला मास्तरीण झालीस, ते ऐकलं हुतं मी. बाईंनी आपल्या दोघींची नावं दिलती की पुढं शिकवायला. तुझ्या वडलांनी ऐकलं. आमच्या वडलांनी म्हणलं, मास्तरीण कामून, मास्तराची बायकोच करतो पोरीला. अन् केली. बोरीहून आत, कच्च्या रस्त्यानं जावं लागतंय आमच्या गावाला. हे तिथल्याच शाळेत गुर्जी हायत. माणूस चांगला हाय हां कमल. हात उचलला न्हाई कवा. मला शिवणाची मशीन आणून दिली, म्हणले रिकामी बसू नको, तुझं डोकं चालतंय. साऱ्या गावाची पोलकी, पोरींचे परकर, मीच शिवते. घरात सासूबाई, हे, मी अन् दोन पोरी. पोरी शाळेत जायल्यात, थोरली तर माझ्यापेक्षा हुशार हाय. पोरगा— हुता. सुदाम नाव हुतं. गोवर आलता, गोवर गेला अन् मंग ताप उतरलाच न्हाई. सासूबाई म्हणायच्या देवी हाय अंगात, औषध द्यायचं न्हाई. हे बैलगाडी जुंपून त्याला बोरीला घेऊन निघाले, मी मांडीवर घेतलं हुतं, वाटंतच— जाऊ दे. येत्या मार्गेसर महिन्यात दोन वर्षं हुतील.

त्याच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट हाय, ते नसबंदीचं चालू हुतं तवाची. तुमच्याकडं बी असंल की— मास्तरांनी माणसं आणायची, न्हाई आणली तर पगार थांबवू, बदली करू. वरून रोज हुकूम. दुसरे मास्तर लोक बाजारातून माणसं धरून न्यायचे, म्हाताऱ्यांला, बिनलग्नाच्यांला बी. ह्यांच्यानं ते झालं न्हाई. एक दिवस म्हणले जिंतूरला मास्तरांचं शिबिर हाय, अन् गेले. आले ते वाकून चालत. म्हणले सायकलवरून पडलो. मी खरं धरलं. आठ दिवस कंबर शेकली गं मी त्यांची, एरंडाची पानं बांधून. ते पालथे पडून राहायचे, तोंड भिताडाकडं.

हां. तेच. तू समजलीस. मला समजायला वर्ष गेलं.

सुदाम गेल्यावर सासूबाई मागं लागल्या— पोरींवर घर चालत न्हाई, अजून वय हाय तुझं. अन् मला दिवसच जाईनात. मंग औंढ्याला नेलं, इथं परभणीच्या दर्ग्याला नेलं, एका बाईनं काढा दिला तो पिऊन मी सारी रात वकले. उपास धरले. उलट्या पायानं पारावरच्या पिंपळाला फेऱ्या घातल्या, बाया बघायल्यात अन् मी फिरायले. ते सारं हे बघत हुते. ओसरीवर बसून पोरांच्या पाट्या तपासायचे अन् बघायचे. मी विचारायचे, तुमाला काय वाटतंय, हुईल का? तर म्हणायचे, देवाच्या हातात हाय.

मंग सासूबाईंनी दुसरं काढलं. दुसरी बायको करायची. मी म्हणलं नोकरी जाईल त्यांची, सरकारी कायदा हाय. तर म्हणल्या, देवळात लावू, कागदावर कशाला आणायचं. अन् मुलगी कोण, तर आमची गीता. माझी पाठची भैन. तुला आठवणार न्हाई, आपण शाळेत हुतो तवा पाळण्यात हुती. आमच्या भावानं हो म्हणलं, म्हणला परकी येऊन सुलाला हाकलून देण्यापेक्षा घरचीच बरी. अन् गीता काय म्हणावी? म्हणली, "अक्का, तुझ्यासाठी येते मी. पोरगं तुझ्याच मांडीवर टाकीन." एकोणीस वर्षांची पोर. मी काय करू सांग? मी तिचं लग्नातलं पोलकं शिवायला घेतलं. हिरवं, जरीच्या काठाचं. कुणी म्हणंल कसं शिववलं तुझ्याच्यानं. शिववतंय गं. हात चालतेत आपले आपले.

बाह्या जोडायलते. दुपारची वेळ, सासूबाई शेतात. हे शाळेतून मधीच आले, सरळ जवळ आले अन् मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. म्हणले, "सुला, हे शिवू नको. पोरीचं वाटोळं हुईल. जिंतूरला शिबिर नव्हतं, माझं ऑपरेशन झालंय."

मी रडले न्हाई. सुईखालून कापड काढलं, दोरा तोडला, घडी घातली. म्हणलं आईला सांगा. तर म्हणले, "तिला सांगितलं तर ती जगायची न्हाई." एकुलता एक ना. अन् गाव कसं हाय, तुला ठावं हाय— शाळंत पोरं बी हासली असती. मी रातभर इचार केला, लगीन मोडायचं तर कुणीतरी मोडायला पायजे. सकाळी सासूबाई चुलीपुढं बसल्या हुत्या. मी उभी राहिले अन् म्हणलं, "मला सवत नको. लगीन लावलंत तर मी परभणीला जाऊन साहेबाकडं तक्रार देईन, नोकरी घालवीन ह्यांची." माझ्या तोंडून निघालं हे, कमल. मी, जी कवा वर बघून बोलले न्हाई.

त्यांनी तवा सगळं बोलून घेतलं. वांझोट्या मनाची म्हणल्या, पोरगं खाल्लंस अन् आता वंश खायलीस म्हणल्या. ते लागलं न्हाई मला. म्हातारीला काय ठावं हाय, तिचा बी नातूच गेला ना. पण हे दारात उभे हुते. चौकटीला हात लावून. सारं ऐकत हुते. मी बघितलं त्यांच्याकडं— आता बोलतील, म्हणलं. म्हणतील, आई, न्हाई, तिला बोलू नको. एवढंच. सारं सांगा म्हणलं नव्हतं मी. एकदा "न्हाई" म्हणायचं हुतं. त्यांनी पायतान घातली अन् शाळेला गेले.

तवापसून सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. गाव म्हणतंय, नवऱ्याच्या नोकरीवर उठलेली बाई. पोलकी शिवायला बी कमी बाया यायल्यात. भाऊ येत न्हाई. गीताचं दुसरीकडं झालं, मला बोलावलं न्हाई तिनं. तिला वाटतंय अक्काला मी नको झाले. माझ्यासाठी यायली हुती अन् मीच तिला— त्या पोरीला कुणी सांगावं?

अन् आता कुणीतरी सांगितलं, इथं एक डॉक्टर आलाय, तो बांधलेली नस परत जोडून देतो. म्हणून आलोत. वाटंनं यष्टीत हे लय बोलायलते, लग्नानंतर एवढे बोलले नव्हते. म्हणले सगळं ठीक हुईल सुला, पोरगं झालं की आई बी विसरंल.

विसरंल. तेच म्हणते मी. सारे विसरतील. देवानं दिलं म्हणतील, पेढे वाटतील, अन् ह्यांला ते कवाच कुणाला सांगायचं काम पडणार न्हाई. मीच तेवढी तशी राहीन, तक्रार देणारी. खरं सांगू का तुला— मघाधरून हितं बसले तर माझ्या मनात यायलंय, डॉक्टरनं हुत न्हाई म्हणावं. पोरगं नको असं न्हाई गं. सुदामसारखं एक— रातीला छाती भरून येतीय माझी. पण हुत न्हाई म्हणलं तर कवातरी ते आईपुढं उभे राहतील. राहतील का? तू मास्तरीण हायस, तू सांग. न्हाई, नको सांगू. असं इचार करणारी बायको असती का कुठं? मी कुणाला बोलले नव्हते हे. तुलाच कसं—

थांब. दार उघडलं. तेच हायत, ते टोपीवाले. इकडंच यायलेत.

हासायलेत गं.

तू जा कमल. भावाकडं जा. ऊठ.