सालापुढची रेघ

गुरुशांत : माग का थांबवलास गं? परवाच्या विमानानं तसबीर जायची हाय की.

दाक्षायणी : अहो, साहेबांच्या भाच्याचा सकाळचा फोन तुम्ही घेतलात. नेमकं काय म्हणाला, परत सांगा.

गुरुशांत : नागालँडच्या साहेबांच्या तसबिरीत तीन बदल, बस्स. 'पंचाहत्तरीच्या शुभेच्छा' काढायच्या. अंगावर ती तिकडची गव्याच्या शिंगांच्या नक्षीची मानाची शाल विणायची. आन जन्माच्या सालापुढं रेघ वढून जागा मोकळी सोडायची.

दाक्षायणी : जित्या माणसाच्या सालापुढं रेघ? वाढदिवस तर जानेवारीत. मग परवाची घाई कसली?

गुरुशांत : आजारी असतील.

दाक्षायणी : आणि शाल? साहेब पक्षाच्या चादरी सांगायला आले तेव्हा इथंच बसून काय म्हणाले होते?

गुरुशांत : व्हय, लई हसले हुते. सगळ्या गावाला जेवण घालतो त्यालाच ती शाल. "विशीत बंदूक घेऊन जंगलात गेलो, चाळिशीत खाली उतरून पक्ष काढला, चारदा निवडून आलो. पण गावाला कधी जेवू घातलं न्हाय, गावानंच मला पोसलं."

दाक्षायणी : भाच्याला हे ठाऊक नसेल? साहेब 'नको' म्हणायला राहणारच नाहीत, असं धरून चाललाय तो. माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

गुरुशांत : उगं भलतंच बोलू नगंस!

दाक्षायणी : सोमवारी ते दिल्लीत शांतता करारावर सही करणार. जंगलातले जुने सोबती 'त्यांना जिवंत सोडणार नाही' म्हणतात, पेपरात आलंय. भाच्याची ऊठबस त्यांच्यातच, साहेबच बोलले होते.

गुरुशांत : आपुन सोलापूरची माणसं. उद्या आपल्याच दारात कुणी आलं तर?

दाक्षायणी : मला पोरी म्हणतात ते. माझ्यानं गप्प बसवणार नाही. लावते फोन.

(ती आतल्या खोलीत जाते. बऱ्याच वेळानं परत येते.)

गुरुशांत : काय गं? आजारी हाईत?

दाक्षायणी : ठणठणीत. भाचा गाडी घेऊन दारात उभाय, विमानतळावर सोडायला. हॉर्न ऐकू येत होता.

गुरुशांत : मग जाऊ नका म्हणालीस का न्हाय?

दाक्षायणी : सगळं सांगितलं. रेघ, शाल, सगळं. रडले हो मी.

गुरुशांत : मग?

दाक्षायणी : मग म्हणाले, सही राहून गेली तर आणखी पोरं जंगलात मरतील. जातो मी.

गुरुशांत : शिवा शिवा! आन तसबिरीचं?

दाक्षायणी : "पोरी, ती शाल तेवढी काढ," म्हणाले. "रेघ राहू दे."