शेवटच्या शीटवरची लाल खूण

आजच्या निवृत्ती-सत्काराच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे कारखाना व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले सर्व मान्यवर, ती न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले विभागप्रमुख, सत्कारमूर्ती आमचे दादा, वहिनी, आणि चहा कधी येतो याकडे लक्ष ठेवून असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. दादांबद्दल बोलायला पाच मिनिटं पुरतील असं ज्यांना वाटलं, त्यांनी दादांकडून कधी ड्रॉइंग तपासून घेतलेलं नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो. आमच्या विभागात मी ड्रॉइंग काढतो आणि दादा ते तपासतात. प्रत्येक मापावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. खूण झाली की ते माप दादांचं. पुढे चूक निघाली तर काढणाऱ्याला कोणी विचारत नाही. हा तीस वर्षांचा रिवाज आहे आणि काढणाऱ्यांसाठी तो फार सोयीचा आहे, हे अध्यक्षांसमोर कबूल करतो.

पण आमची खरी ओळख त्या पेन्सिलीची नव्हे, जेवणाच्या डब्याची. तीस वर्षं दुपारच्या सुट्टीत आमचं एकच भांडण चालू आहे: क्रिकेटच्या जुन्या काळातला सगळ्यात थोर फलंदाज कोण? दादांचा माणूस म्हणजे इंग्लंडचा तो दाढीवाला डॉक्टर. माझा माणूस त्याच्या नंतरचा, ऑस्ट्रेलियाचा, कसोटी सरासरी नव्याण्णव पॉइंट नऊ चारवाला. दोघांपैकी एकालाही आम्ही खेळताना पाहिलेलं नाही, त्यामुळे अगदी ठामपणे भांडता येतं.

दादा म्हणणार, तुझ्या माणसाला इस्त्री केलेली खेळपट्टी मिळाली. डॉक्टरच्या वेळी एक चेंडू नाकापाशी यायचा आणि पुढचा घोट्यापाशी, आणि तसल्या खेळपट्ट्यांवर वाढलेला तो माणूस पन्नाशीत पोट पुढे घेऊन कसोटी खेळला. मी म्हणणार, दादा, दाढीला धावा मिळत नाहीत, आकडा बोला. आणि आकडा मीच बोलायचो. रोज. मध्येच स्टोअरकीपर यायचे आणि सांगायचे, बॅट वाकडी होती आणि चेंडू खालून टाकायचे, त्या काळचे तेच खरे थोर. त्यांना आम्ही दोघं मिळून हाकलायचो. आमचं एकमत झालेला तेवढा एकच मुद्दा.

आता पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सहा शाफ्ट तयार होऊन आले आणि एकावरही बेअरिंग चढेना. फिटरने आधी बेअरिंगला शिव्या दिल्या, मग शाफ्टला, आणि मग ड्रॉइंग मागवलं. माप हवं होतं नव्याण्णव पॉइंट चार नऊ. लिहिलं होतं नऊ चार. दादांनी तपासलेली ही शेवटची शीट, आणि त्या आकड्यावर लाल खूण, चांगली ठसठशीत.

दादांनी चुकांच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘तपासनिसाची चूक’, आणि खाली सही केली. त्या वहीत त्यांची ही पहिलीच सही. शाफ्ट ग्राइंडरवर घालून दुपारपर्यंत ठीकठाक झाले, कारण जाड माल बारीक करता येतो. दादा मात्र ठीक झाले नाहीत. डबा एकटेच खाऊ लागले, तेही पाठ करून. परवा वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, हे म्हणतात, कसला सत्कार घेऊन बसलात, मला तिथे यायला तोंड नाही. तुम्हीच काय ते बघा.”

म्हणून बघतो आहे. दादा, तुम्हाला वाटतं, जाता जाता आपली नजर गेली. नजर कुठेही गेलेली नाही. तो आकडा मी लिहिला. नव्याण्णव लिहिलं की माझा हात पुढे आपोआप नऊ चार लिहितो. आणि तुम्ही तो माझ्याकडून इतक्यांदा ऐकला आहे की तुमच्या डोळ्यांना तो घरचा माणूस वाटला. घरच्या माणसाला दारात अडवून ओळखपत्र कोण मागतं? जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ड्रॉइंग विभागात ही चूक होऊच शकली नसती. तिला आपण दोघंच लागतो.

हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि मी पंधरा दिवस रिवाजाच्या आड लपून बसलो. त्याची मला लाज वाटते.

माझा माणूस शेवटच्या डावात शून्यावर बाद झाला. चार धावा केल्या असत्या तर सरासरी बरोबर शंभर झाली असती. त्या शून्यावरून दादांनी मला तीस वर्षं टोचलं. आज मी विचारतो, दादा, त्या शून्याने तो लहान झाला का? तुमच्या लेखीसुद्धा नाही झाला. तुम्ही त्याला दुसरा नंबर देताच की. मग स्वतःला इतका खालचा नंबर का देता?

आज सकाळी मी ती नोंदवही काढली. तुमच्या सहीच्या वर थोडी जागा होती. तिथे ‘काढणाऱ्याची चूक’ असं लिहून मी सही केली आहे. साहेब, जी काही कारवाई करायची ती जरूर करा, फक्त चहानंतर करा.

डॉक्टरबद्दल मात्र मी हार मानलेली नाही. रविवारी डबा घेऊन दादांच्या घरी भांडायला येतो आहे. वहिनींची परवानगी घेतली आहे, दादांची घेण्याची पद्धत नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मध्ये चिठ्ठी पाठवली नाही, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. हे भाषण मी दादांना तपासायला दिलेलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच, यातल्या चुका माझ्या एकट्याच्या आहेत.